बुडाशी जांभळा कडा

६ ऑक्टोबर १९४८, बुधवार

बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी जांभळा रंग कशासाठी देत असतील? मला माहीत नाही. कचेरीत मात्र मी "शोभेसाठी असेल" असं सांगून मोकळी झाले. बी.ए. झालेल्या मुलीला एखादी गोष्ट ठाऊक नसावी हे आमच्या कचेरीला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही चालत नाही.

हैदराबादची कारवाई संपून तीन आठवडे होत आले. तरी आपल्या बुऱ्हाणपूरच्या बाजूला कुणी काही दडवून ठेवलं असेल या धास्तीनं सरकारनं दवंडी पिटवली आहे: शस्त्रं, दारूगोळा, जे असेल ते तहसील कचेरीत आणून द्या, देणाऱ्याला काही विचारणार नाही. पावत्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. आठ दिवसांत दोन गंजक्या तलवारी, एक भाला आणि जैनाबादच्या एका म्हाताऱ्यानं आणलेला अडकित्ता, एवढं जमा झालं. अडकित्ता परत केला.

आज जसोंडीचा दगा म्हणून एक जण आला. उंच, ताठ, मिशी नीट कातरलेली. संस्थानच्या पलटणीत होता. संस्थान विलीन झालं तशी पलटण मोडली आणि हा घरी येऊन बापाची केळी बघायला लागला. त्यानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत तेरा काडतुसं, सगळी घासूनपुसून लखलखीत.

"इतके दिवस का ठेवलीस?" मी विचारलं.

"ठेवली नाही बाई, राहून गेली. पलटन मोडली तवा परत देयाले गेलो. जुना साहेब म्हने, आता नव्या सरकारले दे. नव्या सरकारचा बाबू म्हने, जुन्या दफ्तरची चिठ्ठी आन. अन् जुन्या दफ्तरले तर कुलूप! मंग मी काय, चौकात मांडून बसू?"

मी एक काडतूस उलटं करून पाहिलं. बुडाशी मधोमध जी टोपी असते, तिच्याभोवती बारीक जांभळा कडा होता, वांग्याच्या सालीसारखा.

"जांभळं म्हंजे सादी गोळी," दगा म्हणाला. "भरतीच्या पयल्याच दिशी शिकवतत. दुसरा रंग दिसला तर खबरदार म्हनून."

असं तो म्हणाला. पण पुस्तकाचा आधार नसताना अडाणी माणसाचं बोलणं सरकारी कागदावर कसं चढवायचं? मी फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहिलं: तेरा काडतुसे, पितळी, बुडाशी जांभळा कडा. आमचे नायब तहसीलदार प्रभाकरराव पावती वाचून म्हणाले, "रंग कशाला लिहिता बाई? हा लुगड्यांचा बाजार नव्हे."

पावती तशीच राहिली. मला खाडाखोड आवडत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज कचेरीत शस्त्रपूजा. स्वतंत्र भारतातली कचेरी बंदुकीला फुलं वाहते! मी हे प्रभाकररावांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही तत्त्वं नंतर सांगा, आधी शेंदूर कालवा. कचेरीत बाईमाणूस तुम्ही एकच." चार वर्षं नागपूरला राहून मी शेक्सपिअर वाचला तो बहुधा यासाठी. वाटीभर शेंदूर तेलात कालवून दिला. चांगला दाट कालवला. काम कुठलंही असो, हयगय करायची नाही.

मालखान्यातलं सगळं बाहेर मांडलं होतं. शिपायांच्या बंदुका, बेड्या, टंकलेखन यंत्र, सायकल, जप्तीच्या तलवारी, दगाचा डबा. प्रभाकरराव डोळे मिटून मंत्र म्हणत होते. मालखाना सांभाळणारे हेडकॉन्स्टेबल मोतीलाल, ज्यांना सगळे दिवाणजी म्हणतात, ते दिवस मावळू नये म्हणून घाई करत होते. सोनं लुटायला जायचं होतं ना! "एकेकाला बोट लावत बसलो तर सांज होईल साहेब," ते म्हणाले, "मी सीधा बुडवूनच टाकतो." काय बुडवलं ते मी पाहिलं नाही. निषेध म्हणून मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत उभी होते. समोर कडुनिंबाखाली एक बकरी आपट्याची पानं खात होती. तिलाच काय ते दसऱ्याचं सोनं मिळालं.

पूजेनंतर शिपायांनी आपापल्या बंदुका पुसल्या, उद्या कवायत आहे. जप्तीचा माल लाखेची मोहोर लावून पुन्हा आत गेला.

२० ऑक्टोबर, बुधवार

मोठी खळबळ! गावात प्रतिष्ठित नागरिकांची सुरक्षा समिती झाली आहे. अध्यक्ष जिनिंगवाले रमेशशेठ. आज समितीनं जमा मालाची पाहणी केली. दगाच्या डब्याची मोहोर फोडली, झाकण काढलं, आणि तेराच्या तेरा काडतुसांची टोकं लालभडक!

"हात लावू नका!" प्रभाकरराव ओरडले. सगळे भिंतीला चिकटले. रमेशशेठ भिंतीला चिकटायच्या आधीच दाराबाहेर होते.

मग तिथूनच त्यांनी मत दिलं. "लाल म्हणजे कम्युनिस्ट. सीधी बात आहे. तेलंगणातून आलेला माल." निवृत्त हेडमास्तर म्हणाले, हिरवा असता तर निजामाचा म्हणता आलं असतं. शेठना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. "नीट बघा ना मास्तर, कुठंतरी हिरवट असेलच."

दिवाणजी मोतीलाल कोपऱ्यात उभे होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. भ्यायले असावेत बिचारे.

मी दोन हात लांबून निरीक्षण केलं. रंग लाल, किंचित नारिंगीकडे झुकणारा. टोकापासून साधारण नखभर, अगदी सारखा बसलेला. हे घरगुती काम नव्हे, कारखान्यातलंच, हे मी लगेच ओळखलं. सहा तारखेला टोकं पितळी आणि स्वच्छ होती असं मला वाटत होतं, पण मी तेव्हा बुडाकडेच जास्त पाहिलं होतं. माझ्या निरीक्षणात एवढी उणीव राहावी याची लाज वाटली.

समितीनं ठराव केला की शास्त्रीय अहवाल लिहावा. कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२१ ऑक्टोबर

जुन्या कपाटात लढाईच्या काळातली इंग्रजी पुस्तिका सापडली: काडतुसांचे प्रकार रंगावरून कसे ओळखावे. टोकाला किंवा बुडाच्या टोपीभोवती रंग देतात. हिरवा म्हणजे पोलाद भेदणारी गोळी. निळा म्हणजे आग लावणारी. लाल म्हणजे जाताना मागे उजेडाची रेघ सोडणारी, म्हणजे नेम कुठे चालला ते रात्रीसुद्धा दिसावं. हे वाचून अंगावर काटा आला. असली गोळी केळीच्या बागेत कशाला लागते?

जांभळ्याचा उल्लेख मात्र मिळाला नाही. तक्त्याच्या वरच्या दोन ओळी वाळवीनं खाल्ल्या आहेत. म्हणून अहवालात लिहिलं: "बुडाचा जांभळा कडा कशाचा द्योतक आहे हे उपलब्ध साहित्यावरून कळत नाही, तरी अधिक सावधगिरी इष्ट." दगा काय म्हणाला होता ते आठवलं. पण आरोपीचं म्हणणं पुरावा कसं होईल?

आरोपी हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला. अजून त्याच्यावर कसलाही आरोप नाही.

२३ ऑक्टोबर, शनिवार

आता आहे. काल संध्याकाळी दगाला जसोंडीहून उचललं. आज खंडव्याच्या तुरुंगात पाठवलं. साधी काडतुसं असती तर दवंडीप्रमाणे माफी होती, पण हा लढाईचा खास माल, त्याला माफी नाही, असं प्रभाकरराव म्हणाले. आधार काय, तर माझा अहवाल. नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी आली. बाबांनी सुताच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचून दाखवली. आई म्हणाली, "तुझं नाव छापलं, पण त्या माणसाचंही छापलं ना ग?" आईचं शिक्षण तिसरीपर्यंत झालं आहे.

२५ ऑक्टोबर

दगाची आई कचेरीच्या पायरीवर बसली आहे. सोजरबाई. सकाळी येते, दुपारी भाकर खाते, संध्याकाळच्या बैलगाडीनं जाते. मला ती "पावतीवाली बाई" म्हणते.

"पावतीवाली बाई, माह्या पोरानं चोरी केली का?"

"तसं नाही."

"लपवलं का?"

"त्यानं स्वतः आणून दिलं."

"मंग आनून देनाऱ्याले धरलं अन् लपवनारे घरी झोपले? वा रे तुमचं राज!"

मी तिला कायद्याचं राज्य म्हणजे काय ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुमी लई शिकल्या, बाई. देव तुमाले अक्कल बी देवो."

३० ऑक्टोबर, शनिवार

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

दिवाळीची साफसफाई चालली आहे. आई मोरीजवळ दुकानातली वजनं घासत होती. दसऱ्याला बाबांनी त्यांची पूजा केली होती. मी सहज म्हटलं, "हा लाल रंग कुणी दिला वजनांना?"

"रंग कसला? शेंदूर आहे. तेलातला. पंधरा दिवसांत असा धरून बसतो की राखेनं निघत नाही." तिनं चिंधी रॉकेलच्या बाटलीला लावली, वजन पुसलं, आणि खालून पितळ निघालं. लखलखीत.

लाल, किंचित नारिंगीकडे झुकणारा. अगदी सारखा बसलेला.

मी तशीच चपला घालून दिवाणजींच्या घरी गेले. ते अंगणात करंज्यांचं सारण चाखत होते. मी विचारलं, दसऱ्याला तुम्ही वाटीत काय काय बुडवलं?

"तेरा गोळ्या," ते म्हणाले. "टोकं. बोटानं उशीर झाला असता."

"मग त्या दिवशी समितीसमोर बोलला का नाही?"

"विचारलं नाही कोणी, बाईजी. अन् साहेबांनी स्वतः मंत्र म्हटले. मी काय सांगू, की साहेब, हा कम्युनिस्ट तुम्हीच रंगवला?" मग सारणाचं बोट पुसून, "मला वाटलं तुम्हाला मालूम आहे. शेंदूर तर तुम्हीच कालवला."

दाट कालवला. हयगय न करता.

३१ ऑक्टोबर, रविवार

प्रभाकररावांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी आशाबाईंनी चिवडा दिला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते दचकतील. ते खुर्चीत मागे रेलले.

"बाई, अहवाल नागपूरला गेला. शाबासकी आली. तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव मी कालच लिहिला. आता तुम्ही म्हणता, तो शेंदूर आहे."

"शेंदूरच आहे. रॉकेलनं निघेल. आपण एक काडतूस पुसून—"

"जप्तीच्या मालाला हात? तुम्ही शिकलेल्या आहात ना?" मग आवाज मऊ करून, "माणूस चार महिने आत राहील आणि सुटेल. सरकार त्याला जेवायला घालतंय. तुमच्या आयुष्याचा प्रश्न आहे. घरातली पहिली पदवीधर, वडिलांना किती अभिमान!"

मी म्हटलं, मग तज्ज्ञ बोलवा, तो तरी पाहील.

"तज्ज्ञ कशाला? समितीनं ठराव केलाय. इतका भयंकर माल गावात ठेवणं बरं नाही. गुरुवारी राजघाटावरून नावेनं नेऊन तापीच्या डोहात सोडायचा. रमेशशेठ नारळ वाढवणार आहेत."

म्हणजे गुरुवारनंतर काडतुसं नसतील. फक्त माझा अहवाल असेल.

चिवड्यात खोबरं फार होतं. हे मी का लिहिते आहे? कारण मी तो सगळा खाल्ला. नाही म्हणता आलं नाही.

१ नोव्हेंबर, दिवाळी

कायम होण्याचा विचार आज दिवसभरात किती वेळा आला ते प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं होतं. मोजणं सोडून दिलं. लक्ष्मीपूजनाला बाबांनी वजनांशेजारी माझं पदवीचं भेंडोळं मांडलं आणि त्यालाही शेंदराचं बोट लावायला निघाले. मी इतक्या जोरात "नको!" म्हणाले की शेजारच्या मालूबाई डोकावून गेल्या.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पायरीवर सोजरबाईजवळ जाऊन बसले. पहिल्यांदाच. तिला सांगितलं की लाल रंग शेंदराचा आहे आणि तो मी कालवला. मला वाटलं ती शिव्या देईल.

तिनं भाकरीचं फडकं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "शेंदूर लावला तर दगडाचा देव होतो. माह्या पोराचा तुमी चोर केला." आणि लगेच, "आता काय करतं, ते बोल."

दुपारी मालखान्यात गेले. दिवाणजींना म्हटलं, मला एक काडतूस हवंय, रीतसर, रजिस्टरात नोंद करून, तपासणीसाठी. माझ्या सहीनं.

दिवाणजी डब्याकडे बघत राहिले. "साहेब विचारतील."

"विचारल्यावर काय सांगाल?"

"विचारलं तर खरंच सांगणार," ते म्हणाले. जणू हा विचार त्यांच्या मनात आजच आला होता. मग किल्ली टेबलावर ठेवून ते पान खायला गेले. रजिस्टर उघडंच होतं. मी नोंद केली: एक काडतूस, टोकाला शेंदूर, बुडाशी जांभळा कडा. सही केली. शाई वाळेपर्यंत थांबले.

३ नोव्हेंबर, बुधवार

खंडव्याहून आत्ताच परत आले. जसं झालं तसं लिहिते.

सकाळच्या गाडीनं मी आणि सोजरबाई निघालो. काडतूस माझ्या पिशवीत होतं आणि मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. सोजरबाई बघत होती. दोन स्टेशनं मागे पडल्यावर म्हणाली, "अशी धरून बसली तर पोलीस काय, आंधळा बी इचारील. आन इकडे." तिनं ते भाकरीच्या घडीत घातलं, फडक्यात बांधलं आणि बोचकं उशाला घेऊन झोपली. रमेशशेठ ज्याच्यापासून दाराबाहेर पळाले, त्याच्यावर डोकं ठेवून ती घोरत होती.

जिल्हा कचेरीत आम्हाला तीन टेबलं फिरवलं. प्रत्येक जण विचारी, "हे बुऱ्हाणपूरच्या कचेरीमार्फत का आलं नाही?" चौथ्या टेबलावरच्या साहेबांनी वैतागून खजिन्याच्या पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्या सुभेदारांना बोलावलं. सुभेदारांनी चष्मा लावला, काडतूस घेतलं आणि टोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटं करून बूड पाहिलं.

"साधी गोळी. जांभळा कडा."

"आणि हा लाल?" साहेबांनी विचारलं.

मी पिशवीतून रॉकेलची बाटली आणि चिंधी काढली. अर्धंच टोक पुसलं, एका बाजूनं. साहेबांच्या टेबलावरच्या कागदाला शेंदराचा डाग पडला. सुभेदारांनी बोट लावून वास घेतला आणि दोन्ही हात जोडले, सवयीनं. साहेबांना हसू आलं. मला आलं नाही. सोजरबाईला तर अजिबात नाही.

"हा अहवाल कुणी लिहिला?" साहेबांनी फाईल उघडून विचारलं. "भाषा फार चांगली आहे."

मी म्हटलं, मी.

त्यांनी सांगितलं, लेखी द्या. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं असेल तर तेही घाला. प्रभाकरराव, दिवाणजी, शेठ, सगळे आठवले. प्रत्येकाचं काय लिहायचं तेही तयार होतं, गाडीत मनात जुळवलं होतं, उपरोधासकट. पण लिहायला बसले तेव्हा दसऱ्याला काय घडलं ते चार ओळींत आलं, आणि पाचवी ओळ सगळ्यांच्या आधी यायला हवी होती असं वाटलं. म्हणून कागद फाडून नव्यानं लिहिला. इतकी खाडाखोड मी जन्मात केली नव्हती. पहिली ओळ अशी: "जांभळा कडा म्हणजे साधी गोळी, हे दगा यांनी मला सहा ऑक्टोबरलाच सांगितले होते, ते मी लिहिले नाही, कारण सांगणारा शिकलेला नव्हता."

साहेबांनी डबा डोहात सोडू नये म्हणून बुऱ्हाणपूरला तार केली आणि दगाला उद्या सोडण्याचा हुकूम माझ्यासमोर टंकायला दिला. सोजरबाई तुरुंगाच्या दारातच थांबली आहे, त्याला घेऊनच येईन म्हणाली. उरलेली भाकर तिनं मला दिली. भाकरीला रॉकेलचा वास येत होता. खाल्ली.

प्रभाकररावांची चिठ्ठी घरी येऊन पडली आहे: उद्या अकरा वाजता कचेरीत राजीनाम्यासह हजर व्हावे. अकराला जाईन. राजीनामा नेणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी कारण लिहून काढावं, आणि शेंदूर हा शब्द त्यांच्या हातानं कागदावर यावा.

निघताना साहेबांच्या कारकुनाकडे मी पावती मागितली. तो म्हणाला, एका गोळीची कसली पावती? मी हललेच नाही, तेव्हा त्यानं लिहून दिली. रंगसुद्धा लिहायला लावले. ती या पानाला खळीनं चिकटवली आहे: एक काडतूस, टोक अर्धे शेंदरी, अर्धे पितळी, बुडाशी जांभळा कडा, म्हणजे साधे.